ज्याचं नाव-गाव नाही, ते चेहऱ्याला नको

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. अंबड, जि. जालना)



आजचा विषय आहे तोंडाला आणि केसांना लावायच्या वस्तूंचा. क्रीम, टिकली, काजळ, केसांचा रंग, आणि त्यांना पर्याय म्हणून आपण घरी करतो ते उटणं, शिकेकाई, रिठा. बैठकीत हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणते, "बाजारचं सगळं विष. झाडपाल्याचं तेवढं चांगलं." दुसरी म्हणते, "झाडपाल्यानं महिना जातो. मला लग्नाला जायचंय, चार दिवसांत फरक पाहिजे."

आम्ही दोघींचंही ऐकून घेतो आणि तीन प्रश्न विचारतो. ह्या वस्तूत काय आहे? ती कोणी केली? आणि काही झालं तर जाब कोणाला विचारायचा? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळत असतील, तर बाजारची वस्तूही वापरता येते. उत्तरं नसतील, तर डबीवर तुळशीचं चित्र असलं तरी ती घरात आणू नये. आज आम्हाला एवढंच सांगायचंय, पण ते नीट सांगायचंय. कारण गोष्ट नुसत्या चेहऱ्याची नाही, मूत्रपिंडापर्यंत जाणारी आहे.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी एकच गोरेपणाची क्रीम वापरत होत्या. ती त्यांनी ओळखीच्या पार्लरवालीकडून घेतली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा म्हणजे जुन्या तापमापकातला तो चकाकणारा धातू. अकोला आपल्यापासून फार लांब नाही, आणि तशा डब्या सगळीकडेच फिरतात.

दुसरं उदाहरण केरळचं. तिथल्या कोट्टक्कल गावातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा एक खास प्रकार सापडला. आणि त्या १५ पैकी १३ जणांनी सांगितलं, की आम्ही गोरेपणाची क्रीम लावत होतो.

क्रीममध्ये पारा कशासाठी घालतात? आपल्या कातडीत रंग तयार होतो, त्याला मेलॅनिन म्हणतात. उन्हापासून आपल्याला वाचवणारी ती देवाघरची छत्री आहे. पारा ती छत्री तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तोच पारा कातडीतून अंगात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. पायाला, तोंडाला सूज येते, लघवीला फेस येतो. बाई म्हणते, "उन्हातान्हात काम करून थकवा आलाय." क्रीमचा संशय कोणालाच येत नाही. शिवाय ज्या हातानं क्रीम लावली त्याच हातानं आपण लेकराला घेतो, त्याच टॉवेलनं त्याचं तोंड पुसतो. बाई गरोदर असेल तर पोटातल्या बाळालाही पाऱ्याचा धोका असतो.

कायदा याबाबतीत कडक आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आहेत. त्यांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच, तर डोळ्यांच्या वस्तू सोडून बाकीच्यांत तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त नको. म्हणजे एक हजार किलो मालात एक ग्रॅम. पाऱ्याबाबत देशादेशांमध्ये मिनामाता नावाचा करार झाला आहे, त्यात भारतही आहे. पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायची, असं त्या करारातल्या देशांनी २०२३ साली ठरवलं. पण ज्या डबीवर करणाऱ्याचं नावच नाही, तिला कायदा धरणार कुठून?

आता दुसरा धोका. तो तर औषधाच्या दुकानातूनच येतो. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गालावर वांग आहेत. उन्हात राबणं, बाळंतपण, अंगातले बदल, या सगळ्यांमुळे ते काळे डाग येतात. मग कोणीतरी सांगतं, अमुक ट्यूब लाव. ती लावली की आठ दिवसांत चेहरा लख्ख. अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावं असतात. ही औषधं खरी आहेत, पण ती ठरावीक आजाराला, ठरावीक दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरायची. महिनोन् महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. आणि लावायचं थांबवलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आजही "ती गोरं व्हायची ट्यूब द्या" म्हटलं की कुठे कुठे ती मिळते. जी ताई अशी ट्यूब बरेच महिने लावतेय, तिने घाबरून जाऊ नये आणि लपवूही नये. ट्यूब हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांना दाखवावी.

आता मुळाशी जाऊ. या सगळ्याच्या मागे "गोरी" हा एकच शब्द आहे. स्थळ बघायला आलेले विचारतात, शेजारीण विचारते, आणि कधी कधी आपणही आपल्याच लेकीला म्हणतो, "उन्हात जाऊ नको, काळी पडशील." गोरेपणाची देशातली सगळ्यात नावाजलेली क्रीम १९७५ साली बाजारात आली. २०२० साली कंपनीने तिच्या नावातला "फेअर" शब्द काढून "ग्लो" केला. पंचेचाळीस वर्षांनी कंपनीलाही वाटलं, की हा शब्द आता नावात नको. मग आपल्या तोंडात तरी तो कशाला? जी बाई दिवसभर कापूस वेचते, सोयाबीन काढते, तिच्या अंगाला तिचा रंगच सांभाळतो. त्याला पुसून टाकायच्या औषधाची तिला गरज नाही. तिला पाहिजे डोक्यावर रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, प्यायला पाणी, आणि संध्याकाळी घाम-धूळ धुऊन अंग मऊ राहील असं काहीतरी.

क्रीम सोडून रोजच्या आणखी तीन वस्तू सांगतो.

पहिली टिकली. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते कातडीचा रंग मारतं. घरात लगेच कुजबुज होते, "कोड उठलं." लग्नाच्या मुलीला तर तोंड लपवावं लागतं. डाग दिसायला लागला, नुसती खाज जरी सुटली, तरी टिकली बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपताना टिकली काढून ठेवायची सवय सगळ्यांनीच लावावी. कुंकू लावायचं तर हळदीपासून केलेलं बघून घ्या. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. एखाद्या गावाचं नाव एका वस्तूनं होऊ शकतं, हे आपणही लक्षात ठेवू.

दुसरी केसांचा रंग. "हर्बल काळी मेंदी, दहा मिनिटांत काळे केस" असं पाकिटावर असतं. खरी मेंदी म्हणजे वाळवलेला पाला. ती तास-दोन तास ठेवावी लागते आणि तिचा रंग तांबूस येतो. एकटी मेंदी दहा मिनिटांत केस काळे करूच शकत नाही. करत असेल तर त्यात रसायन आहे, बहुतेक वेळा पीपीडी नावाचं. त्यानं काहींच्या डोक्याला खाज सुटते, काहींचं तोंड, डोळे सुजतात. रंग लावायचाच असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट बघा. हातावर नक्षी काढायची काळी मेंदी मात्र लेकरांच्या हाताला कधीच नको.

तिसरी काजळ. सुरम्यात आणि काही काजळांत शिसं सापडलंय, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला वाईट. पण म्हणून एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ तान्ह्या बाळाच्या डोळ्यात घालावं, असंही नाही. ती काजळी आहे, आणि घालणारं बोट स्वच्छ असतंच असं नाही. डॉक्टर सांगतात, बाळाच्या डोळ्यात काहीच घालू नका. आजीला दृष्टीची फारच काळजी असेल, तर तीट बाळाच्या तळपायाला लावा.

आता पर्यायाकडे येऊ. "सेंद्रिय" म्हणजे काय, ते आधी नीट ठरवू. वनस्पतीचं आहे म्हणजे सेंद्रिय झालं, असं नाही. आपल्या भागाचंच उदाहरण घ्या. आपला जिल्हा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मोसंबीची साल वाळवून पूड केली, तर उटण्याला सुगंध छान येतो, आणि साल तर रसाच्या गाड्यावर फुकट मिळते. पण बागेत किडीसाठी, बुरशीसाठी फवारण्या होतात, आणि फवारा सगळ्यात आधी बसतो सालीवर. नुसतं पाण्यानं धुतल्यानं तो सगळा जात नाही. म्हणून कुठल्याही गाड्यावरची साल आणून "सेंद्रिय उटणं" करणं म्हणजे आपणच आपल्या मैत्रिणीला फसवणं.

आम्ही गटांना सांगतो, साल त्याच झाडाची घ्या ज्याची माहिती तुम्हाला आहे. परसातलं झाड असेल, किंवा फवारणी न करणाऱ्या शेतकऱ्याची बाग असेल तर उत्तम. मालकाला विचारा, काय फवारलं, कधी फवारलं. कडुनिंबाचा पाला, गुलाबाच्या पाकळ्या, जास्वंद यांनाही हाच नियम. रस्त्याकडेचा धुळीचा पाला नको, कापसाच्या बांधावरचा नको. हळद पूड विकत आणू नका, हळकुंड आणून दळा, म्हणजे भेसळीच्या रंगाची भीती कमी. मराठवाड्यातच वसमतची हळद प्रसिद्ध आहे, हळकुंडाला लांब जायची गरज नाही.

घरच्यासाठी उटण्याचं एक साधं माप सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. मसूर डाळीचं पीठ एक वाटी. हरभरा डाळीचं पीठ एक वाटी. मुलतानी माती अर्धी वाटी. मोसंबीच्या सालीची पूड अर्धी वाटी. नागरमोथ्याची पूड दोन चमचे, कचोरा दोन चमचे, वाळ्याची पूड एक चमचा, आंबेहळद एक चमचा. साल सावलीत कडकडीत वाळवायची, मोडली की टचकन तुटली पाहिजे. सगळं बारीक दळून पातळ कापडातून वस्त्रगाळ करायचं. जाडसर राहिलं तर चेहरा ओरखडतो. कोरड्या, झाकणाच्या बरणीत भरायचं, आणि वर तारीख लिहायची. लागेल तेवढंच वाटीत काढून पाण्यात किंवा दुधात कालवायचं. उरलेलं कालवण ठेवायचं नाही. बरणीत ओला चमचा घालायचा नाही.

पाण्याचं एवढं का सांगतोय? कोरड्या पुडीत बुरशी सहज धरत नाही. पाणी लागलं की धरते. म्हणूनच घरी क्रीम, लोशन, कोरफडीचं जेल करून बाटल्या भरून ठेवू नका, विकायला तर मुळीच नको. बाजारच्या क्रीममध्ये टिकवणारी रसायनं असतात, ती या कारणासाठीच घालतात. कोरफड लावायची तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, त्यानं खाज सुटते. आतला गर काढा, लावा आणि संपवा.

झाडपाल्याचेही काही नियम आहेत. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात, म्हणजे वांग घालवायला गेलो आणि नवे आणले. रिठा-शिकेकाईचं पाणी डोळ्यात गेलं की झोंबतं, म्हणून मान मागे टाकून केस धुवा. कोणालाही कशाचंही वावडं असू शकतं. नवीन काहीही असो, पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. आणि उटण्यानं वांग जात नाहीत, कोड जात नाही, पांढरे केस काळे होत नाहीत. उटण्यानं अंग स्वच्छ होतं, मऊ होतं, सुगंध येतो. तेवढं खरं बोललं तरी उटणं विकलं जातं.

विकण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तीही उघड बोलू. दिवाळी आली की गटांना उटण्याची मागणी येते. साबणाचं प्रशिक्षण घेतलेले गटही पुष्कळ आहेत. प्रशिक्षणात वस्तू करायला शिकवतात, पण परवान्याचं बोलणं राहून जातं. घरच्यासाठी उटणं करायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी उटणं, साबण, केसांचं तेल करायचं, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं, तर त्याचा परवाना वेगळा. अंगाला लावायच्या साबणालाही परवाना लागतो, हे पुष्कळ जणींना नवीन वाटेल.

परवाना म्हटलं की बायका मागे सरतात. पण बघा, त्यासाठी स्वच्छ, वेगळी जागा लागते, आणि देखरेखीला जाणकार माणूस लागतो. औषधनिर्माण पदविका झालेली, किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती चालते. आपल्या गावात बारावी सायन्स झालेल्या आणि घरी बसलेल्या सुना नाहीत का? एका गटाला हे झेपणार नाही. ग्रामसंघाला, प्रभागसंघाला झेपेल. दुसरा मार्ग असा, की परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत आपला माल करून घ्यायचा, त्यालाही कायद्यात वेगळा परवाना आहे. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. वाळवलेली मोसंबीची साल, कडुनिंबाचा पाला, रिठे, शिकेकाईच्या शेंगा निवडून, वाळवून अशा उत्पादकांना कच्चा माल म्हणून विकायच्या. तालुक्याला "उमेद"च्या कार्यालयात विचारा, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात वाळवण्या-साठवण्याचं विचारा.

आणि पाकीट केलं तर त्यावर काय पाहिजे? वस्तूचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, वजन, आणि आत काय काय घातलंय त्याची यादी. बाजारची वस्तू घेतानाही हेच बघायचं. परदेशी क्रीम असेल तर आयात नोंदणी क्रमांक बघायचा. यातलं काही नसेल तर बाई कितीही ओळखीची असो, हात जोडायचे आणि "नको ताई" म्हणायचं.

गटाला हे अवघड नाही. बचत गटाच्या पंचसूत्रीत आपण काय शिकलो? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे. रुपयाचा हिशेब जसा वहीत ठेवतो, तसाच पुडीचा ठेवायचा. कोणत्या झाडाची साल, कोणी वाळवली, कोणत्या दिवशी दळली. उद्या एखादी बाई आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या उटण्यानं पुरळ आलं," तर वही उघडून सांगता आलं पाहिजे. तशी वही ठेवणारी वस्तू आमच्या लेखी सेंद्रिय.

आमच्या गटांनी एक ठराव वहीत लिहिलाय. आपण जे काही करू, त्याच्या पाकिटावर "गोरेपणा" हा शब्द लिहायचा नाही, आणि विकताना तोंडानंही म्हणायचा नाही. काही जणी म्हणाल्या, त्या शब्दाशिवाय माल खपणार नाही. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "शब्द खपेल, पण आपल्याच नातीला काळी म्हणून खपेल." त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही, सह्या झाल्या.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली एक डबी, एक ट्यूब, एक पाकीट पिशवीत घालून आणा. शाळेत जाणाऱ्या मुलींनाही सोबत आणा, बारीक अक्षर त्या वाचतील. मध्ये सतरंजीवर सगळं मांडा. नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तारीख आणि यादी असलेल्या वस्तू एका बाजूला, नसलेल्या दुसऱ्या बाजूला. स्टेरॉइडची नावं दिसली तर ती ट्यूब तिसऱ्या बाजूला, आणि तिच्या मालकिणीसोबत एकीने दवाखान्यात जायचं. कोणी कोणाला हसायचं नाही. बिननावाची डबी पुन्हा कोणाला देऊन टाकायची नाही, उकिरड्यावरही फेकायची नाही. एका पिशवीत बांधून आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा, आणि कोणी विकली ते अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या यात्रेत दुकानं लागतात, पुढे लग्नसराई असते. त्याच्या आधी एवढी एक बैठक प्रत्येक गावात झाली पाहिजे. तेवढं करा, आणि काय काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.